सोमवारचे पंच

रावसाहेब गजभिये टीव्हीसमोर सरळ बसत नसत. सोफ्याच्या टोकाला, तोंड खिडकीकडे आणि नजर तिरकी, असे ते मॅच बघायचे. नव्या माणसाला वाटावं, यांचं टीव्हीशी भांडण झालंय. रिमोट मात्र कायम त्यांच्या हातात. कुणाला काही दाखवायचं असेल तर "थांबवा" म्हणायचं, मग ते थांबवायचे. चित्र गोठलं की वाद सुरू व्हायचा आणि वाद फार लांबला की रावसाहेब निकाल द्यायचे. निकालानंतर त्यावर बोलायचं नाही, हा त्या घरातला रिवाज होता.

घर बुकित बातोकमधल्या एका जुन्या ब्लॉकमध्ये, वरच्या मजल्यावर. खेळ अमेरिकन फुटबॉल. नाव फुटबॉल असलं तरी बॉल बहुतेक वेळ हातातच असतो. हा खेळ बघणारे मराठी लोक सिंगापुरात किती आहेत ते मला माहीत नाही. मला माहीत असलेले सगळे त्या हॉलमध्ये मावायचे.

रावसाहेब नागपूरचे, इंदोऱ्यातले. वडील पोस्टात होते. इंजिनिअरिंग तिथेच केलं आणि पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत टोलीडो नावाच्या गावी गेले. घरमालक निवृत्त बस ड्रायव्हर, तो खाली राहायचा. हीटर नीट चालायचा तो फक्त त्याच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या खाली. रावसाहेब उबेसाठी जाऊन बसायचे. "पहिले दोन महिने मी हीटरच पाहून राहिलो होतो," ते सांगायचे. "मग मान वर केली." मान वर केली तेव्हा टोलीडोचा संघ हरत होता. तेव्हापासून तो संघ त्यांचा झाला. पुढे सिंगापुरात नोकरी लागली, वुडलँड्सला, चिप बनवणाऱ्या मशीनची देखभाल. नंदाताईंशी लग्न झालं, एकता झाली, पीआर म्हणजे कायम राहायची परवानगी मिळाली, केस पांढरे झाले. टोलीडो बहुतेक वेळा हरतच राहिलं.

मला तिथे नेलं विक्रांतने. विक्रांत माझा मॅनेजर, पुण्याचा, बिशानला काँडोमध्ये राहतो. अमेरिकन क्लायंटशी बोलायला विषय हवा म्हणून त्याने हा खेळ बघायला सुरुवात केली आणि मग क्लायंट गेला तरी खेळ राहिला. तिसरी हर्षा साळवे. मूळची नाशिकची, हौगांगला राहते, मटेरियल्समध्ये संशोधन करते. तिचं एक वर्ष ओहायोत गेलेलं. ती रावसाहेबांना दादा म्हणते. विक्रांत त्यांना रावसाहेबच म्हणतो, पण अहोजाहो करतो.

तिकडची रविवारची दुपार म्हणजे आपली सोमवारची पहाट. पहाटे उठून बघणं नोकरदार माणसाला झेपत नाही. म्हणून मॅच सोमवारी संध्याकाळी, ऑफिसनंतर, रावसाहेबांकडे बघायची. त्याला एकच नियम होता: तोपर्यंत दिवसभर निकाल कळू द्यायचा नाही. फोनवर बातम्या उघडायच्या नाहीत, अमेरिकेतल्या भावाचा फोन घ्यायचा नाही. चुकून कळलाच, तर दारातच सांगायचं आणि मॅच संपेपर्यंत स्वयंपाकघरात नंदाताईंजवळ जाऊन बसायचं. विक्रांत याला सोवळं म्हणायचा. रावसाहेब त्याला दर वेळी सांगायचे, "सोवळं तुझ्या घरी. इथे नियम म्हणायचं." आणि नियमात ते कडक होते. एकदा लिफ्टमधल्या कुणाच्या तरी फोनवर विक्रांतला अर्धी ओळ दिसली, तर त्याला पूर्ण मॅच भिंतीपलीकडून ऐकावी लागली. नंदाताईंनी त्याच्याकडून मटार सोलून घेतले.

आता वादाबद्दल. बॉल फेकणारा तो क्वार्टरबॅक, धावत जाऊन झेलणारा तो रिसीव्हर. रिसीव्हरने किती धावायचं आणि कुठे वळायचं हे आधी ठरलेलं असतं. क्वार्टरबॅक बॉल सोडतो तेव्हा रिसीव्हर अजून वळलेलाही नसतो. तो जिथे पोचणार, तिथे बॉल टाकायचा. त्यामुळे बॉल रिकाम्या जागी पडला की बघणाऱ्याला चूक कुणाची ते कळत नाही. फेकणारा चुकला, की धावणारा भलतीकडे गेला? काय ठरलं होतं ते त्या दोघांनाच माहीत. आमचा सोमवार या एका अज्ञानावर चालायचा.

त्या सीझनला टोलीडोकडे हॅलोरन नावाचा जुना क्वार्टरबॅक होता आणि मॅबिन नावाचा नवा रिसीव्हर, कॉलेजातून नुकताच आलेला. पहिल्या मॅचपासून दोघांचं जुळेना. विक्रांत हॅलोरनच्या बाजूचा, हर्षा मॅबिनच्या.

"पोरगं पळतंय छान," विक्रांत म्हणायचा, "फक्त कुठे जायचंय ते त्याला कुणी सांगितलेलं नाही."

"सांगितलंय. सांगितलं तिथे तो जातो. तुमचा हॅलोरन गेल्या वर्षीच्या पत्त्यावर बॉल पाठवतो."

"अगं, तो बारा वर्षं खेळतोय!"

"तेच म्हणतेय. हात थकला त्याचा."

"तुझ्या लॅबमधला नवा पोरगा सॅम्पल फोडतो तेव्हा काय म्हणतेस? प्रोफेसरचा हात थकला?"

"आमचा प्रोफेसर सॅम्पलला हात लावत नाही, म्हणून शाबूत आहे सगळं."

मग दोघं रावसाहेबांकडे बघायचे. रावसाहेब थोडं थांबून निकाल द्यायचे: "मॅबिन एक पाऊल जास्त गेला." किंवा, "बचाव बदलला ते हॅलोरनने ओळखलं, पोराने नाही ओळखलं." नेमकं आणि शांत. सीझनभरात बहुतेक निकाल मॅबिनच्या विरुद्ध गेले. हर्षा चिडायची, पण मानायची. तिला वाटायचं, दादांना आपल्यापेक्षा जास्त दिसतं.

रावसाहेबांना बॉल दिसत नव्हता.

हे आम्हाला सीझनच्या शेवटी कळलं. वाचणाऱ्याला आधीच सांगतो, म्हणजे पुढचं नीट समजेल. दोन्ही डोळ्यांत, नजरेच्या बरोबर मध्यभागी, त्यांना राखाडी डाग दिसायला लागला होता. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार. डॉक्टर डोळ्यात इंजेक्शनं देत होते. त्याने डाग वाढायचा थांबतो, जात नाही. कडेचं सगळं स्पष्ट दिसायचं. चालता यायचं, एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, जाता यायचं. ज्याच्याकडे सरळ बघावं तेवढंच नाहीसं व्हायचं. तिरकी नजर केली की माणसं हलताना दिसायची, पण बॉल लहान आणि वेगवान, तो सापडायचा नाही.

ऑफिसात त्यांनी पहिल्या आठवड्यातच सांगून टाकलं होतं. तिथे त्यांना मोठा मॉनिटर मिळाला, हाताने करायची बारीक कामं दुसऱ्याकडे गेली, आणि ते वेळापत्रकं आणि प्रशिक्षण बघू लागले. नातेवाइकांना सांगितलं होतं. आम्हाला तेवढं सांगितलं नाही. एकता युनिव्हर्सिटीत शिकते, इथेच वाढलेली. तिने पुढे मला सांगितलं की यावरून त्या घरात बऱ्याचदा बोलाचाली झाली होती.

"पापा, जस्ट टेल देम लाह. व्हॉट्स द बिग डील?"

"सांगितलं की ते हळूहळू बोलायला लागतील माझ्याशी. 'रावसाहेब, तुम्ही आराम करा.' रिमोट विक्रांत घेईल."

"सो लेट हिम टेक."

"ऑफिसात माझं दुसरं काम निघालं, बेटा. सोमवारी माझ्याकडे दुसरं काय काम आहे?"

म्हणून त्यांनी एक व्यवस्था केली. टोलीडोत दोन जण रेडिओवर मॅचचं विश्लेषण करतात, एकेक पास घेऊन. त्याचं रेकॉर्डिंग आपल्या सोमवारी सकाळपर्यंत नेटवर येतं. रावसाहेब एमआरटीत कानात इअरफोन घालून ते ऐकायचे. वुडलँड्सला उतरेपर्यंत त्यांना मॅचचा निकाल, प्रत्येक चुकलेला पास आणि त्या दोघांचं मत पाठ असायचं. नियम कडकपणे पाळायला लावणारे रावसाहेब त्या घरात एकटेच नियम मोडत होते, तेही दर सोमवारी.

व्यवस्था सीझनभर चालली. त्यात एकच कच्चा दुवा होता, आणि इंजिनिअर म्हणून तो त्यांच्या लक्षात यायला हवा होता. ऐकलेलं सगळं डोक्यात एकदमच असतं. बघणाऱ्याला मॅच एकामागून एक उलगडते. त्यांच्याकडे ती पूर्ण असायची आणि कुठे थांबायचं ते दर वेळी आठवावं लागायचं.

शेवटची मॅच जानेवारीत होती. जिंकले तर पुढच्या फेरीत, हरले तर घरी. आम्ही ठरल्याप्रमाणे जमलो. विक्रांतने करी पफ आणले होते. हर्षा ऑफिसची बॅग मांडीवरून खाली ठेवायलाही विसरली होती. शेवटच्या क्वार्टरमध्ये टोलीडो थोडक्यात मागे होतं आणि बॉल त्यांच्याकडे होता. हॅलोरनने लांब पास टाकला. मॅबिन पोचला नाही. बॉल त्याच्यापुढे गवतावर पडून उडाला.

"थांबवा!" दोघं एकदम म्हणाले.

रावसाहेबांनी थांबवलं. या वेळी वादाची वाटही बघितली नाही. "मॅबिनने वळायला उशीर केला," ते म्हणाले.

विक्रांतने मांडीवर थाप मारली. हर्षा मात्र टीव्हीकडे बघत राहिली. "दादा, जरा मागे घ्या ना."

त्यांनी मागे घेतलं. पुन्हा चालवलं.

"शर्ट धरलाय," हर्षा म्हणाली.

"कुणी?"

"त्या डिफेंडरने. मॅबिनचा शर्ट. कमरेजवळ. अहो, हे काय, एवढा ताणलाय!"

"नसेल धरला. पंचांनी फाऊल दिला नाही."

"पंचांना दिसलं नसेल. तुम्हाला दिसतंय ना?"

रावसाहेबांनी मान आणखी तिरकी केली. हर्षा उठली, टीव्हीपाशी गेली आणि पडद्यावर बोट ठेवलं. बोटाखाली शर्टाचा पांढरा तंबू झाला होता आणि त्याच्या टोकाला दुसऱ्या माणसाची मूठ होती. मला मागून, करी पफ खाता खाता दिसत होतं.

"रावसाहेब, धरलाय हो," विक्रांत म्हणाला. "मी हॅलोरनचा माणूस, मी सांगतोय. यात पोराची चूक नाही."

"उशीर त्याची सवय आहे," रावसाहेब म्हणाले. आवाज चढला होता. तो त्यांचा कधी चढत नसे. "शर्टाचं निमित्त आहे. लगेच पुढच्या पासला कुणी शर्ट धरला होता? तेव्हाही तो उशिराच वळला!"

टीव्हीवर चित्र गोठलेलं होतं. पुढचा पास अजून व्हायचा होता.

"पुढचा पास?" विक्रांतने हळूच विचारलं. "कुठला पुढचा पास?"

रावसाहेबांनी रिमोट मांडीवर ठेवला.

"तुम्हाला निकाल माहीत आहे," विक्रांत म्हणाला. मग त्याला पुरतं कळलं आणि तो उभाच राहिला. "निकाल माहीत आहे! मला अर्ध्या ओळीसाठी मटार सोलायला बसवलं होतं तुम्ही! ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी सोमवारी कान झाकून घेतो, लोक हसतात मला. आणि तुम्ही मॅच बघून येता?"

"बघून नाही. ऐकून."

"ऐकून काय, बघून काय!"

"फरक आहे," रावसाहेब म्हणाले. आणि मग मशीनचा बिघाड समजावून द्यावा तसं त्यांनी सांगितलं. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. कधीपासून, उपचार काय, पुढे काय होऊ शकतं. टोलीडोचे ते दोघं, सकाळची एमआरटी. कुठे थांबले नाहीत. "तुझं हे बोट दिसलं मला," ते हर्षाला म्हणाले. "बोटाखालचं नाही दिसलं."

स्वयंपाकघरातून नंदाताई दारापर्यंत आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

हर्षा वेगळ्याच गोष्टीवर अडकली होती. "म्हणजे दादा, सीझनभर माझ्याविरुद्ध जे निकाल दिलेत, ते सगळे टोलीडोच्या दोन म्हाताऱ्यांचे?"

"एकच म्हातारा आहे. दुसरा हॅलोरनबरोबर खेळलेला आहे, आता सोडलं त्याने."

"हॅलोरनबरोबर? म्हणजे त्याचा मित्र! आणि मी मान खाली घालून ऐकून घेत होते!"

"हो," रावसाहेब म्हणाले. त्यांनी रिमोट उचलून तिच्यासमोर धरला. "पुढच्या सीझनला विक्रांतकडे बसा. त्याचा टीव्ही मोठा आहे. इथे आता पंच नाही."

"पापा, डोन्ट बी सो ड्रामॅटिक," आतून एकता म्हणाली.

विक्रांत अजून उभाच होता. त्याचा राग कमी झाला नव्हता, पण तो कुठे ठेवावा ते त्याला कळत नव्हतं. "आणि नियम?" शेवटी तो म्हणाला. "ज्याला निकाल माहीत आहे तो आत."

रावसाहेब खरंच उठले.

"इथे कुठे येता?" नंदाताई म्हणाल्या. "ओटा ओला आहे. बसा तिथेच."

ते बसले. हर्षाने रिमोट घेतला आणि काय करावं ते न सुचून बटण दाबलं. मॅच पुढे सरकली. हॅलोरनने बॉल घेतला, मागे आला, फेकला. मॅबिनच्या जवळून जाऊन बॉल मैदानाबाहेर गेला.

"काय झालं?" रावसाहेबांनी विचारलं. आमच्या बैठकीत हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं.

"बॉल मागे पडला," हर्षा म्हणाली.

"काहीही सांगते ही! बॉल बरोबर होता, पोरगं झोपलेलं," विक्रांत म्हणाला.

"थांबव," रावसाहेब म्हणाले. "हर्षा, मागे घे. हॅलोरनने बॉल सोडला तेव्हा मॅबिनचा कुठला पाय पुढे होता?"

हर्षाने मागे घेतलं. एवढ्या सोमवारांत आम्ही पायाकडे कधी बघितलंच नव्हतं. चूक कुणाची एवढंच बघत होतो.

"उजवा," विक्रांत म्हणाला.

"उजवाच," हर्षा म्हणाली.

"तोंड कुठे?"

"पुढेच."

"आता एकेक चित्र पुढे घे. बॉल त्याच्या खांद्याशी येतो तेव्हा तोंड कुठे आहे?"

हर्षाने एकेक चित्र पुढे घेतलं. "अजून पुढेच," ती म्हणाली.

"शर्ट?"

"नाही. कुणी धरलेला नाही. डिफेंडर चांगला लांब आहे."

"मग?"

तिने विक्रांतकडे बघायचं टाळलं. "मॅबिनची चूक."

विक्रांतने तोंड उघडलं, पण रावसाहेबांनी त्याच्याकडे, म्हणजे त्याच्या किंचित शेजारी, बघितलं. "आणि आधीचा पास?"

विक्रांत बसला. "आधीच्यात नाही," तो म्हणाला. "आधीच्यात त्याला धरलं होतं. हॅलोरनचीही चूक नाही, त्याचीही नाही."

"मग माझा तो निकाल रद्द," रावसाहेब म्हणाले.

"आणि बाकीच्या सीझनचं काय?" हर्षाने विचारलं. ती अजून रुसलेली होती.

"ते सगळं परत बघावं लागेल."

"सगळं?"

"ज्यात तुझ्याविरुद्ध दिला ते सगळं."

"म्हणजे सगळंच," ती म्हणाली.

मॅच टोलीडो हरलं. रावसाहेबांना ते सकाळपासून माहीत होतं, आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

आता मार्च आहे. अमेरिकेत खेळ बंद आहे, सप्टेंबरपर्यंत काही नाही. आम्ही तरी सोमवारी जमतो. सीझनची पहिली मॅच पुन्हा लावली, मग दुसरी. आता चौथ्या मॅचवर आहोत. निकाल सगळ्यांनाच माहीत असल्यामुळे आत कुणालाच बसावं लागत नाही. रिमोट हर्षाकडे असतो. पास झाला की ती सांगते, मग विक्रांत सांगतो, आणि दोघांचं जिथे जुळत नाही तिथे रावसाहेब प्रश्न विचारतात: हात कुठे, खांदा कुठे, कोण आधी हललं. त्यांच्या प्रश्नांना उत्तर द्यायचं तर नीट बघावं लागतं, आणि नीट बघितलं की वाद बऱ्याचदा लहान होतो. नेहमी होत नाही. गेल्या सोमवारी एका पासावरून दोघं इतके भांडले की एकताने अभ्यास होत नाही म्हणून दार लावून घेतलं.

मॅबिनवरचे काही निकाल फिरले आहेत. विक्रांतचं म्हणणं आहे की हर्षा सांगताना रंग भरते, आणि ज्याला दिसत नाही त्याच्यासमोर असं सांगणं बरोबर नाही. रावसाहेबांनी त्याची तक्रार ऐकून घेतली आहे. त्यावर निकाल अजून दिलेला नाही.